मुक्या घंटा

मेंढरांच्या पायांचा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला. नुसत्या पायांचा. एरवी तो कुणाच्या कानावर पडत नाही, घंटांच्या आवाजात बुडून जातो. लांब्रोसचा कळप वर्षातून दोनदा गावातून जायचा, वसंतात वर आणि ऑक्टोबरात, संत दिमित्रीच्या सणाला, खाली. तो वरच्या वळणावर असतानाच बायका म्हणायच्या, आला लांब्रोस. त्या सकाळी कुणी काही म्हणालं नाही. मी दाराबाहेर लाकडं फोडत होतो. सुकल्या पानांवर पाऊस पडावा तसं काहीतरी ऐकू आलं. मान वर केली, तर सगळा कळप माझ्यासमोरून चालला होता आणि एकही घंटा वाजत नव्हती. सगळ्या घंटांत लोकर भरलेली. मागून लांब्रोस, त्याची बायको असिमो आणि धाकटा मुलगा वाइयोस. थोरला थिमियोस नव्हता.

नासो, ते धातू शोधायचं यंत्र खुर्चीवरून काढ बाळा, मला बसू दे. हेडफोनही उचल.

"काका, भुताची गोष्ट असेल तर आधी पेला भरतो."

भर. पण भूत मी पाहिलेलं नाही. वाइयोसच्या बाबतीत जे घडलं तेवढं सांगतो. तुम्ही उद्या हे यंत्र घेऊन लांब्रोसच्या मेंढवाड्यावर जाणार म्हणता. जा, मी अडवत नाही. ऐकून जा.

तुम्ही कळप पाहिले नाहीत, म्हणून सांगावं लागतं. मेंढपाळाच्या घरात माणूस गेलं की आधी म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली मोठी घंटा उतरवायची. मग तिच्या आणि बाकी सगळ्या घंटांच्या लोलकांना लोकर गुंडाळायची. चाळीस दिवस घंटा मुक्या. चाळिसाव्या दिवशी लोकर काढायची.

त्या वर्षी बर्फ लवकर आला. म्होरक्या मेंढा कळपातून फुटून वर कड्याकडे गेला आणि थिमियोस त्याच्या मागे गेला. बावीस वर्षांचा पोरगा. डावखुरा. दोरी वळली तर उलटी वळायचा, गाठ मारली तर उलटी मारायचा. बाप चिडून म्हणायचा, "या गाढवाची गाठ सोडवायला हे गाढवच बोलवावं लागतं." आणि पोरगा हसायचा.

तो संध्याकाळी गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी मेंढा एकटाच परत आला. गळ्यात घंटा नव्हती. लोकरीत पट्ट्याचा तुकडा अडकलेला, सुरीने कापलेला, सरळ.

ते पाहून लांब्रोसने डोक्यावरची टोपी काढली. म्होरक्याची घंटा उतरली म्हणजे त्याच्या लेखी एकच अर्थ होता. तरी त्यांनी शोधलं. बर्फ थांबेना, धुकं हटेना, चारा संपत आला. शेवटी एका संध्याकाळी लांब्रोस म्हणाला, "पोरगा गेला. लोकर भरा." असिमो म्हणाली, "अजून कशाला? उद्या भरू." तो म्हणाला, "मेंढ्याने सांगितलं, अजून कुणी सांगायला पाहिजे?" वाइयोस तेव्हा एकोणीस वर्षांचा. कंदील घेऊन त्यानेच सगळ्या घंटा मुक्या केल्या.

त्या रात्री कुत्री पहाटेपर्यंत भुंकली. लांब्रोस म्हणाला, लांडगे. असिमो म्हणाली, लांडग्यांवर अशी भुंकत नाहीत. लांब्रोसने तिला गप्प केलं. सकाळी ते कळप घेऊन खाली उतरले, आणि मी तो पायांचा आवाज ऐकला.

वसंतात बर्फ वितळला तेव्हा वरची दरड सुटली. मेंढवाड्याची खालची भिंत अर्धी मातीखाली गेली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही, तिथे होतंच काय? सगळे वर कड्यावर शोधत होते. मेंढा तिकडून आला होता ना.

लांब्रोस पुढे वारला. असिमोमावशी जगली, नव्वदीपर्यंत. थिमियोसच्या अस्थींसाठी तिने अक्रोडाच्या लाकडाची पेटी करून घेतली होती. आत तिच्या लग्नातला रुमाल अंथरलेला. शेजारी वाइनची बाटली, अस्थी धुवायला. पंचेचाळीस वर्षं ती पेटी रिकामी. दर वर्षी ती बाटली बदलायची, जुनी वाइन अंगणातल्या वेलाच्या मुळाशी ओतायची.

दोन हजार एकोणीस साल. ऑक्टोबरची पंचवीस तारीख, शुक्रवार. संत दिमित्रीचा आदला दिवस. दुपारी वाइयोस माझ्याकडे आला.

"स्तेर्यो, गाडी रिकामी आहे का? मेंढवाड्यावरचे पत्रे काढून आणायचेत. खुराड्याला होतील."

"आजच?"

"उद्या सण. परवा पाऊस."

दुधाची गाडी तेव्हा मीच चालवायचो. कॅन उतरवले आणि निघालो. त्याने मागे घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी लांबडं ठेवलं.

"बंदूक?"

"काठी आहे."

"काठीला बॅटऱ्या लागतात होय रे?" त्याच्या खिशातून बॅटऱ्यांचं पाकीट डोकावत होतं.

तेव्हा त्याने सांगितलं. उन्हाळाभर तो एकटा कड्यावर असलंच यंत्र फिरवत होता. काडतुसं सापडली, खेचरांचे नाल सापडले, एक चमचा सापडला. घंटा नाही. घंटा जिथे, तिथे थिमियोस, एवढाच त्याचा हिशोब.

"आई आठवडा काढत नाही," तो म्हणाला. "पेटी उशाशी घेऊन झोपते. मला म्हणते, त्याला आण, मग मला पुरा. दोघांना एकदमच. मी काय सांगू तिला? काडतुसं आणलीत म्हणून?"

 घाटात गाडी पहिल्या गिअरवर होती.

थोड्या वेळाने तोच मला यंत्राचं सांगू लागला. माणसाला काहीतरी बोलायचं असतं. म्हणाला, लोखंड खरखरतं आणि घंटेचं कांसं गातं. वर असेल तर आवाज दणकून येतो. खोल असेल तर बारीक, इतका बारीक की श्वास रोखून ऐकावा लागतो, म्हणून हेडफोन. आणि ही चकती जमिनीवर फिरवत राहायची. हात थांबला की यंत्र गप्प.

"म्हणजे आमच्या हिच्या उलट," मी म्हणालो. "माझा हात थांबला की ती बोलायला लागते."

तो हसला. त्या दिवशी तेवढाच.

वर पोचलो, पत्रे उतरवले, गाडीत चढवले. मी दोरी आवळत होतो तेव्हा तो कड्याकडे जाऊन आला. परत आला तो हात हलवतच, काही नाही म्हणून. अंधारत होतं. चंद्र नव्हता त्या दिवशी. हेडफोन त्याच्या कानावर तसेच होते, यंत्र चालूच. भिंतीच्या खालच्या अंगाने, दरडीच्या मातीवरून तो गाडीकडे येत होता. सवयीने चकती फिरवत.

आणि थांबला.

दोन पावलं मागे गेला. पुन्हा पुढे आला. मग आडवा फिरला.

"खिळा असेल," मी ओरडलो. "तुमच्याच भिंतीचा."

त्याने बोट ओठांवर ठेवलं. बराच वेळ तसाच उभा राहिला. मग मला हाताने बोलावलं. जवळ गेलो तर त्याने हेडफोन काढून माझ्या कानांवर ठेवले.

"काय ऐकू येतं?"

आधी काहीच नाही. आपलंच रक्त ऐकू येतं तसं. मग... पलीकडच्या खोलीत कुणी चमच्याने पेल्यावर हळूच ठोकावं तसं. खोल. फार खोल.

"गातंय," मी म्हणालो.

"कसं गातंय?"

मी ऐकलं. एक ठोका. मग जरा उशिरा दुसरा. मग एक. मग उशिरा दुसरा. मेंढरू चालताना घंटा अशी वाजत नाही, ते चार पायांवर चालतं. हे दोन पायांचं होतं. त्यातला एक पाय ओढत चाललेला.

"हलवू नकोस इतकं," मी म्हणालो. "नीट ऐकू दे."

मी खाली पाहिलं.

चकती जमिनीवर टेकलेली होती. तो हलवतच नव्हता.

ठोका. ... ठोका.

"यंत्र बिघडलंय, वाइयोस."

त्याने बटण दाबलं. यंत्रावरचा हिरवा दिवा विझला. हेडफोन माझ्या कानांवरच होते.

ठोका.

...

ठोका.

मी हेडफोन काढून फेकले, पोरांनो. खोटं कशाला सांगू.

वाइयोसने कुदळ घेतली. मी बॅटरी धरली.  माती मऊ होती. तो गुडघ्यावर बसून खणत होता. मांडीएवढं खोल. कमरेएवढं. मध्येच थांबला आणि भिंतीकडे पाहिलं. भिंत तिथून... मी दगड टाकला असता तर पलीकडे पडला असता. भिंतीपलीकडेच कळप असायचा.

"कुत्री इकडेच तोंड करून होती," तो म्हणाला. "त्या रात्री. इकडेच."

मग त्याने कुदळ ठेवली आणि हाताने माती काढली. घंटा निघाली. हिरवी पडलेली. म्होरक्याची. कापलेल्या पट्ट्याची गाठ अजून कडीत होती.

तेव्हा कळलं त्याला. मलाही. मेंढ्याच्या गळ्यातून घंटा कुणी दुसऱ्याने उतरवली नव्हती. पाय मोडला असेल, हाक पोचत नसेल... आपण वाजवावी आणि घरच्यांनी ऐकावी म्हणून पोराने स्वतःच ती कापून घेतली होती. वारा उलटा होता. तरी तो उतरत राहिला. पंधरा पावलांवर चारशे मेंढरं उभी होती, आणि धुक्यात त्याला एकही घंटा ऐकू आली नाही.

वाइयोस घंटा छातीशी धरून बसला होता. मी म्हणालो, "माती झाड तिच्यातली." त्याने ती उलटी केली.

आत माती नव्हती. लोकर होती. लोलकाभोवती गच्च गुंडाळलेली, पांढरी. त्याने बोट लावलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटाला चरबी लागली होती. नुकत्याच कातरलेल्या मेंढराचा वास येत होता.

"ही घंटा मी भरली नव्हती," तो म्हणाला. "ही आमच्याकडे नव्हतीच."

घंटा मांडीवर घेऊन तो गाडीत बसला. गावात शिरलो तर त्याच्या घरात दिवा आणि दारात शेजारीण अन्थुला, डोक्याला काळा रुमाल. मावशी गेली होती. आम्ही खणत होतो त्याच सुमाराला.

"त्रास नाही झाला रे," अन्थुला म्हणाली. "मला म्हणाली, खिडकी उघड. मी म्हटलं, बाहेर गारठा आहे. म्हणाली, उघड गं. उघडली. बघत राहिली. मग म्हणाली, लाव आता, तो गारठलाय. मी लावली. वळून पाहते तर..."

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं वर गेलो आणि बाकीचं खणून काढलं. सगळं मिळालं. वाइनने वाइयोसनेच धुतलं. पेटी भरली आणि आईजवळ ठेवली, तिने सांगितलं तशी.

घंटेतली लोकर मात्र त्याने काढू दिली नाही. म्हणाला, चाळीस दिवस. त्याच्याकडे तेव्हा थोडीच मेंढरं होती. त्यांच्याही घंटा त्याने मुक्या केल्या.

चाळिसाव्या दिवशी मी त्याच्या गोठ्यात गेलो. त्याने एकेका मेंढराला गुडघ्यांत धरून लोकर काढली. एक एक घंटा बोलायला लागली. शेवटी त्याने ती मोठी घंटा माझ्या हातात दिली.

"ही तू काढ. त्या वेळी सगळ्या मीच भरल्या होत्या. माझा हात नको हिला."

मी बोट घातलं आणि लोकरीचं टोक शोधलं. सोडवायला लागलो. सुटेना. जितकी फिरवावी तितकी आवळत जायची. आयुष्यभर मी दोऱ्या-गाठी सोडवल्यात, माझ्या बोटांना हे माहीत आहे. तरी सुटेना. वैतागून मी टोक उलट्या बाजूला फिरवलं.

सरसर सुटली.

आम्ही सगळे ज्या अंगाने गुंडाळतो, त्याच्या उलट गुंडाळली होती. मी तो पिळा तळहातावर घेतला. लोकर तशीच वळून राहिली होती, उलटी, डाव्या हाताने वळावी तशी.

मी हात वाइयोसपुढे धरला. त्याने पाहिलं. खूप वेळ पाहिलं. त्याचा हात वर आला, पण लोकरीपर्यंत गेला नाही.

मग तो उठला. गोठ्याचं फाटक उघडं टाकून वरच्या रस्त्याने, मेंढवाड्याच्या दिशेने चालू लागला. मेंढरं त्याच्यामागून निघाली, घंटा वाजवत.