अकरावी रिकामी जागा

पेसरट्टूच्या, म्हणजे मुगाच्या डोशाच्या, गाडीपाशी मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दोन मिनिटं चौदा सेकंद... त्या तुम्हीच ना?"

मी वळले. चष्म्यावर तव्याची वाफ, हातात आल्याच्या चटणीची वाटी. ज्याच्या नावानं मी तीन महिने बोटं मोडत होते, तो एडिटर फणींद्र हाच होता. आजवर माझ्या टायपिंगवरच्या त्याच्या लाल खुणाच फक्त पाहिल्या होत्या.

विजयवाड्यातल्या आमच्या ऑफिसात परदेशी डॉक्टरांची बोलून पाठवलेली टिपणं यायची. ती ऐकून आम्ही टाइप करायची. कुणी खोकत बोलायचं, कुणी जेवता जेवता. शब्द कळला नाही तर अंदाजानं भरायचा नाही. तिथं रिकामी जागा सोडून शेजारी वेळ लिहायची. मग एडिटर तीनदा ऐकणार. त्यालाही कळलं नाही तर प्रश्न डॉक्टरांकडे परत. पण उमेदवारीत अशा दहाच जागा परत गेलेल्या चालत. माझ्या दहा झाल्या होत्या. अकरावी गेली की मी गुडिवाड्याला, घरी.

आणि ही अकरावी होती. एका म्हाताऱ्या रोग्याच्या हृदयाच्या औषधाची मात्रा... नेमकी तिथंच डॉक्टरांनी खुर्ची ओढली होती.

शेजारच्या टेबलावरच्या पद्मलता अक्कांनी सकाळीच सांगितलं होतं, "मागच्या भेटीत लिहिलेली मात्राच टाक, सुवर्चला, आणि मोकळी हो. सगळे टाकतात गं." माझी बोटं कळांवर गेलीही होती. पण माझे वडील, नान्ना, हरिकथा सांगतात. भर कथेत ओळ आठवली नाही तर चिपळ्या थांबवून सरळ म्हणतात, "आठवेना, बाबांनो." मनचं काही देवाच्या तोंडी घालत नाहीत. मी जागा तशीच सोडली.

"तीनदा ऐकलं," फणींद्र म्हणाला. "मग आणखी नऊदा."

"कळलं?"

"अंहं." तो चटणीत बोट फिरवत राहिला. "मागचीच मात्रा मी भरली तर कुणाला पत्ता लागणार नाही. तुम्ही राहाल."

"आणि तो म्हातारा?"

त्यानं चष्मा काढून पुसला. डोळे चक्क हसत होते. "सुटलो. मला भीती वाटत होती, तुम्ही 'भरा' म्हणाल... आणि मी भरेन."

पेसरट्टू गार झाला. माझे कान मात्र गरम.

प्रश्न परत गेला. मी ट्रंक आवरायला घेतली. रोज सकाळी तो गाडीपाशी दिसायचा, आणि रोज आम्ही त्या न पाहिलेल्या म्हाताऱ्याबद्दल बोलायचो – त्याला नातवंडं असतील का, तो पथ्य पाळत असेल का. स्वतःबद्दल दोघंही गप्प.

शुक्रवारी उत्तर आलं. मात्रा मागच्यापेक्षा निम्मी केली होती. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं आणि डब्यातला पुलिहोरा, चिंचेचा भात, माझ्यापुढे सरकवला. मॅनेजरबाईंनी मला कायम केलं नाही, पण घरीही पाठवलं नाही; माझी उमेदवारी महिनाभर वाढवली. "तोवर कान तयार कर," एवढंच म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी ऑफिसजवळच्या रामालयात नान्नांची कथा होती, सीतास्वयंवराची. हरिकथेला जाणार, एवढंच मी सकाळी गाडीपाशी बोलले होते. मी गेले तर फणींद्र आधीच सतरंजीवर बसलेला. शेजारी जागा राखून.

"हरिकथा आवडते वाटतं तुम्हाला?"

"आजपासून," तो म्हणाला, आणि एक कागद माझ्याकडे सरकवला. आमच्या टिपणांसारखाच टाइप केलेला.

'फणींद्रशी लग्न करायला सुवर्चला ______ आहे. तीनदा ऐकलं. अंदाजानं भरायचं धाडस नाही.'

नान्ना धनुष्यापाशी पोचले होते. त्यांच्या पायातले चाळ वाजत होते, की माझ्या छातीत काही... कोण जाणे. मी त्याच्याच खिशातलं पेन काढलं. 'तयार' लिहिलं. मग बोटानं व्यासपीठ दाखवलं.

"शेवटची तपासणी ते करतात."

"हे... तुमचे वडील?" त्याचा चष्मा घसरला. "आधी सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

तेवढ्यात नान्नांची नजर आमच्यावर आली. कागदावर, पेनावर, त्याच्या पडलेल्या चेहऱ्यावर. चिपळ्या थांबल्या. मग मिशीतल्या मिशीत हसून, फणींद्रकडे पाहतच त्यांनी नामघोष अर्ध्यावर सोडला. उरलेला अर्धा ऐकणाऱ्यांनी म्हणायचा असतो.

सगळ्यांच्या आधी, सगळ्यांहून बेसूर, माझ्या शेजारून आवाज उठला – "गोविंदा!"