थांबा म्हणेपर्यंत

संशोधन करायला बुद्धी लागते असं लोकांना वाटतं. लागतो तो वेळ. रेसिडेंट डॉक्टरकडे तेवढा सोडून बाकी सगळं असतं: सकाळचा राऊंड, ओपीडी, वॉर्ड, तातडीचे कॉल, आणि या सगळ्याच्या फटीत कोंबलेला थिसिस. तो पूर्ण होऊन गाइडची सही मिळाली नाही, तर शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. तीन वर्षं राबायचं आणि एका सहीपायी घरी बसायचं.

माझे गाइड छातीच्या आजारांच्या विभागाचे प्रमुख. आपसात आम्ही त्यांना ‘उद्यासर’ म्हणायचो, कारण आपलं काम घेऊन गेलं की ते उद्यावर जायचं. त्यांचं काम मात्र आत्ताच्या आत्ता. विषय त्यांनीच गळ्यात मारला होता. ज्यांची फुप्फुसं धुराने, धुळीने किंवा बिड्यांनी कायमची खराब झाली आहेत अशा पेशंटना श्वासाचे व्यायाम शिकवायचे. व्यायामाआधी एकदा आणि तीन महिन्यांनी पुन्हा एकदा, ते सहा मिनिटांत किती चालतात ते मोजायचं.

“सोपं आहे,” सर म्हणाले. “एक कॉरिडॉर लागतो फक्त.”

तो मिळवता मिळवता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी तिसऱ्या मजल्यावर, एक्स-रे आणि सामानाच्या खोलीच्या मधला पट्टा पदरात पडला. एका बाजूला दुधी काचांच्या खिडक्या, दुसऱ्या बाजूला हिरव्या ऑइलपेंटची भिंत, तिच्यावर कमरेच्या उंचीवर स्ट्रेचर घासून पडलेली काळी रेघ. दोन टोकांना दोन नारिंगी शंकू, सुरुवातीला जमिनीवर पिवळी पट्टी, तिच्याजवळ एक लोखंडी खुर्ची. या खुर्चीला एक खोड होती. कुणी बसलं की ती गप्प राहायची, उठलं की करकरायची. चाचणी घ्यायची म्हटलं की आधी कुणीतरी मध्ये आणून ठेवलेले ऑक्सिजनचे सिलिंडर हलवायला सांगायचं, मग ज्याने ते ठेवले त्याची बोलणी खायची, आणि मग संशोधन करायचं.

या चाचणीत डॉक्टरने काय बोलायचं तेही ठरलेलं असतं. दर मिनिटाला एकच वाक्य: “छान चाललंय, अजून इतकी मिनिटं राहिली.” उत्तेजन द्यायचं नाही, सूचना करायची नाही, बरोबर चालायचं नाही. वेळ संपली की “थांबा” म्हणायचं, पेशंट जिथे असेल तिथे खुर्ची न्यायची, आणि शेवटचा प्रश्न विचारायचा: “आणखी चालण्यापासून तुम्हाला कशाने अडवलं?” एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी मोजमाप बिघडतं.

हे सगळं मनापासून पाळणारा एकच पेशंट मला भेटला. उभा जन्म एका कारखान्याच्या फाटकावर काढलेले म्हातारे गृहस्थ. मी त्यांना गेटवाले आजोबा म्हणायची. सगळ्यांच्या आधी येऊन ते खुर्चीत बसत, हात गुडघ्यांवर ठेवून. पायात रबरी चपला, आणि डावा पाय जरा ओढत. चट्, सर्र. चट्, सर्र.

“मी थांबा म्हणेपर्यंत चालत राहायचं,” मी सांगितलं.

“भोंगा झाल्याशिवाय जागा सोडली नाही कधी,” ते म्हणाले. “तुम्ही म्हणेपर्यंत चालतो, बाई.”

दोन फेऱ्या झाल्या असतील, तोच फोन वाजला. सरांचं भाषण होतं आणि त्यांचा पेन ड्राइव्ह विभागात राहिला होता. “पळत आण. दोन मिनिटांचं काम आहे.” गेले. खाली गेल्यावर ‘आता आलीच आहेस तर चित्रं पुढे सरकव’ असं म्हणून त्यांनी मला संगणकापाशी बसवलं ते भाषण संपेपर्यंत. वर आले तर कॉरिडॉर रिकामा. एक्स-रेची सिस्टर म्हणाली, मुलगी येऊन घेऊन गेली, म्हातारा काही चालायचा थांबत नव्हता. एक पेशंट फुकट गेला म्हणून मी दिवसभर चरफडत होते. मुलीला फोन केला तो तिने उचलला नाही, नंतर केला तोही नाही. मग मी नाद सोडला.

त्यानंतर कुठे माशी शिंकली कळेना. पुढच्या आठवड्यात आलेला शिंपी कॉरिडॉरच्या मध्यावर भिंतीकडे सरकला आणि पुन्हा सरळ रेषेत आला. प्रत्येक फेरीला. मला वाटलं, फरशी ओली असेल. वाकून हात फिरवला तर कोरडी ठणठणीत. त्याच्यानंतरच्या बाईही तशाच, समोरून येणाऱ्याला वाट द्यावी तशा अंग चोरून बाजूला झाल्या. काहीजण विनाकारण मंद व्हायचे. ‘सरळ चाला’ असं ओरडावंसं वाटायचं, पण चाचणीत तसं बोलायची सोय नाही. मी दात-ओठ खात “छान चाललंय” म्हणत राहायची.

सरांनी आकडे पाहिले आणि चष्मा काढून ठेवला.

“आधीचे पेशंट इतके चालले आणि हे इतके कमी? आजार तोच, वयं तीच. मोजायची फीत झोपेत धरतेस का?”

“सर, ते मध्येच बाजूला होतात.”

“का?”

“माहीत नाही.”

“मग माहीत करून घे. असलं काही घेऊन सहीला आलीस तर मी ओळख दाखवणार नाही.”

त्या दुपारी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई आल्या होत्या. काटक, दम लागला तरी ताठ. त्याही मध्यावर मंदावल्या, थेट शंकूपर्यंत तशाच गेल्या. वेळ संपली. मी खुर्ची दिली आणि ठरलेला प्रश्न विचारला.

“कशाने अडवलं म्हणजे? पुढच्या आजोबांनी,” त्या म्हणाल्या. “त्यांना ढकलून का जायचं?”

“कुठले आजोबा?”

“पाय ओढत चालतात ते. अहो, त्यांना बसवा की आधी. किती चालवाल म्हाताऱ्या माणसाला?”

मी कॉरिडॉरकडे पाहिलं. ऊन, फरशी, शंकू. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पर्स उचलून निघून गेल्या.

मी आजोबांच्या मुलीला पुन्हा फोन केला. या वेळी तिने उचलला.

“बाबा गेले,” ती म्हणाली. “तुमच्याकडून आले त्याच आठवड्यात.”

मी वहीत त्यांच्या चाचणीची तारीख पाहिली.

“शेवटी अंथरुणातही पाय हलत होते त्यांचे. मी म्हटलं, बाबा, पडून राहा आता. तर म्हणाले, बाईंनी अजून थांबा म्हटलेलं नाही.” ती म्हणाली. “कोण बाई, कुणास ठाऊक. तुम्हाला काही कळतं का?”

“नाही,” मी म्हटलं.

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. ऑक्सिजन कमी पडला की मेंदू काय काय बोलतो हे मला तोंडपाठ आहे. तरी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेल्यावर, मी कॉरिडॉरच्या खिडक्या लावल्या आणि पट्टीजवळ उभी राहिले. स्वतःचाच संताप आला होता. सहीसाठी माणूस काय काय करतो.

बराच वेळ काही नव्हतं. मग लांबच्या शंकूकडून आलं. चट्, सर्र. चट्, सर्र.

अगदी हळू. थकलेलं.

“थांबा,” मी म्हटलं.

आवाज थांबला. सामानाच्या खोलीच्या दारापाशी.

मी खुर्ची उचलली आणि तिथे नेऊन ठेवली. सवयीने शेवटचा प्रश्नही तोंडातून गेला. मी मागे न बघता जिना उतरले.

त्या दिवसानंतर पेशंट सरळ चालू लागले. शाळेच्या बाईंना मी पुन्हा बोलावलं. त्या मधून गेल्या, खुर्चीला वळसा घालताना मान किंचित झुकवली आणि भराभर फेऱ्या केल्या. बिघडलेल्या चाचण्या मी सगळ्या पुन्हा घेतल्या. आकडे जागेवर आले. ती खुर्ची मी तिथून हलवली नाही. पट्टीजवळ दुसरी आणून ठेवली आणि कुणी विचारलंही नाही.

तीन महिने गेले. परीक्षा तोंडावर आली. सर खुशीत होते.

“आता दुसरा टप्पा. सगळ्यांना परत बोलव,” ते म्हणाले. “पहिल्या वेळी चाललेला एकही सुटता कामा नये. एक जरी कमी पडला तरी मी सही करणार नाही.”

“सर, काही लोक...”

“एकही नाही.”

पहिल्या दिवशी मी लवकर वर गेले. शाळेच्या बाई दारातच वजनाच्या काट्यावर उभ्या होत्या. कॉरिडॉर स्वच्छ पुसलेला होता, सिलिंडर नव्हते, नवलच. जुनी लोखंडी खुर्ची सामानाच्या खोलीपाशी नव्हती. ती पिवळ्या पट्टीजवळ होती, तोंड कॉरिडॉरकडे करून. झाडूवाल्याने हलवली असेल, असं मी ठरवलं.

वेळ मोजायचं घड्याळ हातात घेतलं.

“चला,” मी दाराकडे वळून बाईंना म्हटलं. “सुरू करूया.”

बाई अजून काट्यावरून उतरल्या नव्हत्या. माझ्या पाठीमागे खुर्ची करकरली.

मग चपला. चट्, सर्र. चट्, सर्र. पट्टीवरून पुढे, ठरल्याप्रमाणे.

माझा अंगठा घड्याळावर दाबला गेला. तेवढ्यात खिशात फोन वाजला. पडद्यावर सरांचं नाव होतं.

चपला थबकल्या. शंकू अजून लांब होता.

चपला अर्ध्या वाटेवरूनच वळल्या, आणि माझ्याकडे येऊ लागल्या.