त्रेसष्ट टक्क्यांवर अडलेली दुपार

० टक्के

"बाजूला व्हा!"

असं तिला ओरडायचं होतं. पण बसलेल्या घशातून आलं ते गंजलेल्या बिजागरीसारखं काहीतरी. मग दारातून पाठमोरी बाहेर पडणारी ती, तिच्या कवेतला कॉम्प्युटरचा जड डबा आणि पायात घोटाळणारी वायर, सगळं मिळून वरच्या मजल्यावरून उतरणाऱ्या एका माणसावर आदळलं.

त्यानं चटकन सावरलं... तिला नाही. डब्याला.

"आत हार्ड डिस्क असते," तो म्हणाला. "तिला धक्का सोसत नाही."

"आणि मला सोसतो?"

"तुमच्यासाठी वरती डॉक्टरीणबाई आहेत की."

"त्या दातांच्या आहेत!"

"म्हणूनच सांगतो, एवढे दातओठ खाऊ नका."

त्याच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर डोकावत होते. डॉक्टरीणबाईंचा प्रिंटर दुरुस्त करून तो निघाला होता. तिनं स्क्रूड्रायव्हर पाहिले आणि बाही धरून त्याला सरळ घरात ओढलं.

२० टक्के

कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर ठिपक्यांचं कडं गोल फिरू लागलं. पडदा काळा. पुन्हा सुरू. गोल. काळा.

"कालपासून हेच," ती कुजबुजली. "जगायचं तर जग म्हणावं, मरायचं तर मर!"

"अपग्रेड चालू असताना वीज गेली?"

"गेली नाही. घालवली."

तिनं सोफ्याकडे बोट दाखवलं. सोफ्यावर बाबा होते. बाबांची हयात वीज खात्यात गेली होती, आणि रिकाम्या खोलीतलं चालू बटण त्यांना वाहत्या नळासारखं दिसायचं. काल अपग्रेड त्रेसष्ट टक्क्यांवर असताना ती गुळण्या करायला उठली, पडदा क्षणभर काळा झाला आणि बाबांनी कर्तव्य बजावलं.

"मला वाटलं, पोरगी विसरली," बाबा म्हणाले.

"बाबा, चार महिने!"

चार महिने ती एक कादंबरी मोठ्यानं वाचत होती. माइकसमोर, ऐकणाऱ्यांसाठी, पुस्तकांना आवाज देणं हेच तिचं काम. बावीस प्रकरणं या डब्यात अडकली होती. ती उद्या बारापर्यंत प्रकाशकांकडे पोचायला हवी होती. पुन्हा वाचायचं म्हटलं, तर आवाज कुठे होता?

"दुसरी प्रत ठेवलीय?" त्यानं विचारलं.

ती छताकडे बघू लागली.

४१ टक्के

"करा ना सरळ दुरुस्त!"

"आधी माणसं बाहेर काढायची, मग आग विझवायची." आपला पेन ड्राइव्ह लावून त्यानं कॉम्प्युटर त्यावरून सुरू केला आणि तिच्या फायली एकेक करून बाहेर काढायला घेतल्या. मुंगीच्या पावलांनी.

"लवकर नाही का होत?"

"होतं की. चुकीचं."

वैताग नुसता! हा माणूस खुर्चीत असा बसला होता, जणू निजानीज इथंच व्हायची आहे. आणि हसला की त्याच्या डाव्या गालाला... छे! तिनं नजर टक्क्यांवर वळवली.

"काका," तो बाबांना म्हणाला, "एक जबाबदारी. या बटणाला कुणी हात लावता कामा नये."

बाबा खुर्ची घेऊन भिंतीपाशी बसले. ती पंखा लावायला गेली, तर तिलाच हटकलं. "लांब!"

६३ टक्के

आकडा नेमका इथंच थबकला.

थबकला...

थबकलेलाच.

तिनं त्याचा खांदा गच्च धरला.

चौसष्ट झाले. पासष्ट. सत्तर. हात अजून खांद्यावरच होता. लक्षात आल्यावर तिनं तो चटका बसल्यासारखा उचलला.

"राहू द्या," तो म्हणाला, "त्यानं वेग वाढतोय."

१०० टक्के

"एखादी लावून बघतो. कधीकधी नुसती नावं येतात, आत काही नसतं."

त्यानं सगळ्यात मोठी फाइल उघडली. प्रकरण सहा, काटछाट न केलेलं कच्चं रेकॉर्डिंग. आवाज आला... नितळ, घाई नसलेला. तो वळून तिच्याकडे बघतच राहिला.

"हा तुमचा?"

वाचन मध्येच तुटलं. जिन्यावर पावलं, पाठोपाठ शीळ. मग तोच आवाज, पण फणकारलेला : "आला! सोमवार, अकरा वाजता, मेला शीळवाला!"

"ही शीळ..." तो घुटमळला, "माझी आहे. डॉक्टरीणबाईंचा कॉम्प्युटर बघायला दर सोमवारी यायचो."

"ते पान मी सहा वेळा वाचलंय! सहा!"

"मला काय माहीत? दाराआड कुणीतरी बोलायचं, मी आलो की गप्प व्हायचं. वाटलं, ऐकायला थांबतंय. म्हणून मी आणखी मोठ्यानं..."

"कपाळ माझं!"

"आणखी एक बघू?"

"नको!" ती झेपावली. पण प्रकरण एकोणीस सुरू झालं होतं.

"...अकरा वाजून गेले. तिसरा सोमवार. आला नाही." पान उलटल्याचा आवाज. "असल्या शांततेत वाचायला काय, कुणालाही जमेल... बरा असेल ना?"

बाबांनी खाकरून खिडकीबाहेर पाहिलं. जागा मात्र सोडली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या पेटल्या होत्या, आणि ओरडायला आवाज नव्हता.

"बरा होतो," तो हळूच म्हणाला. "त्यांचा कॉम्प्युटर सुधारला. मग यायला कारण उरलं नाही."

पुढे टक्के नाहीत

तासाभरात त्यानं कॉम्प्युटर आधीच्या आवृत्तीवर मागे नेला. गोल फिरलं, पडदा उजळला, आणि उजळलेलाच राहिला. बावीसच्या बावीस प्रकरणं, अर्थात काटछाट केलेली, प्रकाशकांकडे रवाना झाली. त्यानं पिशवीची चेन लावली.

"काही बिघडलं तर कळवा."

दोन दिवसांचा सगळा वैताग तिच्या त्या फुटक्या आवाजात गोळा झाला.

"बिघडल्याशिवाय येता येत नाही का तुम्हाला माणसाच्या घरी?"

तो दारात थांबला. पिशवी पुन्हा उघडली, आतून कामाचं छापील पॅड काढलं.

"येता येतं. पण... आमच्याकडे नोंद लागते. तक्रार काय लिहू?"

तिनं पेन त्याच्या हातातून हिसकावून घेतलं. तक्रारीचा रकाना कोरा सोडला, आणि वेळेच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं : उद्या, संध्याकाळी सहा.