तीन दातांचा काटा

यात माझ्या पदरचं काहीही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नेव्हिलने जे सांगितलं, तेच सांगतोय. आणि नेव्हिल थापा मारणारा माणूस नाही. त्याला थापा सुचतच नाहीत.

बिलरिके, एसेक्स. नोव्हेंबरमधला सोमवार, सकाळचे आठ.

नेव्हिल बागांची कामं घेतो. एकटाच करतो. वय चौपन्न. बायको सोडून गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून त्याच्याशी रोज बोलतो तो फक्त रेडिओ, व्हॅनमधला आणि घरातला.

त्या दिवशी काम होतं डोरीन हॅस्केट यांच्याकडे. बाई एक्याऐंशी वर्षांच्या. घरामागे चिंचोळी बाग, टोकाला एक बाक आणि मधे नुसता चिखल. तिथली माती चिकण, पाण्याचा थेंब जिरत नाही.

नवरा सिरिल जाऊन तीन वर्षं झाली होती. रोज दुपारी त्याच्या बाकावर जाऊन बसायचं, हा डोरीनबाईंचा नेम. गेल्या हिवाळ्यात त्या चिखलात घसरल्या आणि दोन तास तशाच पडून राहिल्या. मुलीने, जॅनिसने, बजावलं, "आई, बाग नीट करून घे, नाहीतर वृद्धाश्रमात चल."

म्हणून नकली हिरवळ.

"पण आधी निचरा," नेव्हिल म्हणाला. "या मातीवर नुसती हिरवळ अंथरली, तर महिन्याभरात ओल्या सतरंजीवर चालल्यासारखं होईल. चर खणतो, भोकांचा पाइप घालतो, पाणी मागच्या ओढ्यात काढून देतो."

"सिरिल असता तर तुझी गरजच पडली नसती, बाळा," डोरीनबाई म्हणाल्या. "दर हिवाळ्याआधी माती खणायचा दातेरी काटा घेऊन अख्ख्या हिरवळीला भोकं पाडायचा. रांगेने. बाकापर्यंत आणि परत दारापर्यंत. मग पाय पुसायचा आणि म्हणायचा, डोरी, चहा टाक."

तो काटा मागच्या दाराशीच टेकलेला होता. गंजलेला. चार दातांपैकी एक तुटलेला.

संध्याकाळी नेव्हिलने हातभर खड्डा खणून काठोकाठ पाणी भरलं. माती किती पाणी पिते, ते बघायची ही पद्धत. चिकणमातीत ते पाणी दोन-दोन दिवस हलत नाही.

मंगळवारी सकाळी बघितलं...

खड्डा कोरडा.

भोवती भोकांच्या रांगा. तीन भोकं, एक जागा रिकामी. पुन्हा तीन भोकं, एक जागा रिकामी.

पावलाचा ठसा मात्र एकही नाही. त्या चिखलात मांजर चाललं तरी ठसा उमटतो.

"म्हातारीच करत असेल," तो स्वतःशीच म्हणाला आणि कामाला लागला.

आणखी एक गोष्ट त्याला खटकली. कुठेही खणायला लागलं, की पाचव्या मिनिटाला लाल छातीचा रॉबिन हजर होतो, किडे टिपायला. इथे दोन दिवस झाले होते...

एकही पक्षी आला नव्हता.

बुधवारी साडेतीनलाच अंधारून आलं. नेव्हिल चरात गुडघे टेकून पाइपाचा उतार बघत होता. मागून आवाज आला.

खच्... करर्र...

काटा मातीत रुतवून हलवल्याचा.

त्याने वळून बघितलं. कोणी नाही.

खच्... करर्र... आता घराच्या जवळ.

मग दाराशी... पायपुसण्यावर कोणीतरी पाय पुसले. दोनदा.

नेव्हिल तडक स्वयंपाकघरात गेला. डोरीनबाई चहा ओतत होत्या.

टेबलावर कप तीन होते.

नेव्हिल आपला चहा प्यायला आणि परत चराकडे गेला.

गुरुवारी त्याने उरलंसुरलं गवत सोललं आणि राडारोडा भाड्याने आणलेल्या मोठ्या लोखंडी डब्यात भरला. या धंद्यात जे मोडकं दिसेल ते डब्यात जातं, हात आपोआप चालतात. शुक्रवारी ट्रक डबा घेऊन गेला. मग खडी, खडीवर दगडाचा चुरा. यंत्राने इतका दाबला, की खिळा शिरणार नाही. वर हिरवळ.

डोरीनबाई सपाता घालून बाकापर्यंत गेल्या. रडल्या. जॅनिसही खूश झाली, वृद्धाश्रमाचा विषय मिटला.

दहा दिवसांनी फोन आला.

"नेव्हिल, बाळा, दाराशी काटा होता, तो कुठे ठेवलास?"

"तो? मोडका होता हो. टाकून दिला मी."



"अच्छा. म्हणून हातांनी करतोय."

नेव्हिल धावत गेला. हिरवळ कोरडी ठणठणीत होती, पण बाकाजवळ पायाला खळगे लागत होते. त्याने कडा उचलली.

दाबलेल्या चुऱ्यात भोकं होती. चार जवळजवळ, एक बाजूला. बोटं जातील एवढी. रांगेने. दाराच्या दिशेने.

अर्ध्यावर रांग संपली होती.

"पूर्वी दारापर्यंत यायचा," डोरीनबाई म्हणाल्या. "आता दमतो."

"सगळं उखडून काढू?"

"मग जॅनिस मला इथे राहू देईल?"

नेव्हिलने नवाकोरा काटा आणून दाराशी टेकवला. आठवडाभर त्याला मातीचा कणही लागला नाही. राडारोडा जिथे टाकतात, तिथे तो तीन शनिवार चिखल उपसत बसला. काटा सापडला नाही.

ख्रिसमसच्या आदल्या आठवड्यात तो पुन्हा गेला. यावेळी त्याला खळगे दाराजवळही लागले. कडा उचलली. इथली भोकं वेगळी होती. लहान, उथळ, वेडीवाकडी.

त्याने डोरीनबाईंच्या हातांकडे बघितलं. नखांत राखाडी चुरा होता. टेबलावर वाकलेला चमचा.

"त्याला अर्ध्यापर्यंतच येता येतं रे," त्या म्हणाल्या. "उरलेलं मी करते."

"गुडघे टेकून? पुन्हा पडाल! जॅनिसला कळलं तर..."

"तू सांगणार आहेस का?"

नेव्हिलने मान हलवली. नाही. कडा नीट बसवली आणि तो आत येऊन बसला. तेवढ्यात मागच्या दाराशी...

पाय पुसल्याचा आवाज. दोनदा.

डोरीनबाई हसल्या, उठल्या आणि तिसरा कप काढला.

त्याने जॅनिसला अजून सांगितलेलं नाही. बरोबर केलं की चूक, हे तो मला सारखं विचारतो. मला सांगता येत नाही.

परवा म्हणाला, "मी हल्ली घरी गेलो की रेडिओ लावत नाही. दाराशी कान देऊन बसतो."

"मग? येतो का काही आवाज?"

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."