पांढऱ्या झग्याच्या पट्ट्या

"आधी हात धुवा!"

मान वर न करताच मू पॉ ओरडली. वर्षापूर्वीची गोष्ट. लष्कराच्या विमानांनी गाव जाळलं होतं, अख्खं गाव साल्वीन नदीच्या काठावर जंगलात पळून आलं होतं, आणि सागाच्या झाडाखाली एका ताडपत्रीवर मू पॉ एका बाईचं बाळंतपण करत होती. मागून आलेल्या माणसानं गुमान हात धुतले. पाठीवरची औषधांची टोपली उतरवली आणि म्हणाला, "धुतले. आता नाव सांगू, की तेही उकळून घेऊ?"

असा आला तो क्लो थू! पाच दिवस डोंगर तुडवायचे, औषधं पोचवायची, की निघाला पुढच्या छावणीला. महिन्याला एक खेप. असली वेडी माणसं होती म्हणून तर त्या रानात ताप उतरत होते, बाळं जगत होती. मू पॉचा जीव त्याच्यावर कधी जडला, तिचं तिलाही कळलं नाही.

मागच्या खेपेला निघताना तो घुटमळला.

"पुढच्या वेळी एक विचारायचंय..."

"आत्ता विचार की!"

"छे! आत्ता पाय दुखतायत."

"विचारायला पाय कशाला लागतात?"

"पळून जायला लागतात ना — तू नाही म्हणालीस तर!"

आणि मग तो आलाच नाही. वाटेवर लढाई पेटलेली. महिना उलटला, वर सतरा दिवस झाले. त्यात एका सकाळी बॉम्ब पडले, अकरा जखमी आले आणि पट्ट्या संपल्या. मू पॉनं आपले दोन्ही झगे काढले. करेन लोकांत बिनलग्नाच्या मुली घालतात तसे पांढरेशुभ्र, पायघोळ झगे, तिनं स्वतः विणलेले, तांबड्या काठाचे. ते उकळले, वाळवले आणि टराटरा फाडले. मग अंगावर काय घालणार? शेजारच्या मावशीनं आपली लाल चोळी आणि लुंगी दिली. लग्न झालेल्या बाईचा वेश! पण तिला त्याचं भान कुठलं... अकराच्या अकरा जगले, एवढंच तिला ठाऊक.

अठराव्या दिवशी दुपारी कुत्री भुंकली. ती धावतच अंगणात आली. क्लो थूच होता! दाढी वाढलेली, एका पायानं लंगडत. तिला बघून हसला आणि... हसू तिथंच मावळलं. नजर चोळीवर गेली, मग जमिनीवर.

"औषधं उतरवून घ्या, वहिनी."

"वहिनी?" ती हसली. "कुणाची रे?"

"ज्याची असाल त्याची. नशीबवान आहे." त्यानं टोपली खाली ठेवली. "पुढच्या खेपेला दुसरा कुणीतरी येईल. मी वरच्या डोंगरातली वाट मागून घेतो."

सतरा दिवस याच्यासाठी देवाला विनवलं, आणि हा असा बोलतो! रागानं तिनं कमरेवर हात ठेवले, तेव्हा कुठं बोटांना ती चोळी लागली. अगं बाई!

"आत चल."

"नको, मला उशीर..."

"चल म्हणते ना! टोपली घे, हात धू आणि चल!"

बांबूच्या दवाखान्यात चटयांवर अकरा माणसं.

"तो गुडघा बघ, ती माझी बाही. त्या खांद्यावर गळा. आणि आजोबांच्या डोक्याला आहे ना, तो घेर."

क्लो थू एकेका पट्टीपाशी थांबला. तांबडा काठ त्यानं ओळखला. वर्षभर चोरून बघितला होता ना! त्याचे डोळे भरून आले.

"मू पॉ... अगं, सगळा झगा वाटलास?"

"दोन्ही वाटले. आता नवा विणायला महिना जाईल. ही चोळी मावशीला परत द्यायचीय."

"नवा... विणू नकोस."

"मग घालू काय?"

त्यानं टोपलीत हात घातला. औषधांच्या खाली, अगदी तळाशी, मेणकापडाची पुरचुंडी होती. आत लाल चोळी, नवीकोरी.

"आईनं विणलीय. मागच्या खेपेलाही टोपलीतच होती."

"आणि म्हणून पाय दुखत होते?"

"फार!"

"पोरी, हो म्हणून टाक!" आजोबा चटईवरून करवादले. "त्यानं ताज्या पट्ट्या आणल्यात, त्या बांधायच्यात अजून!"

सगळा दवाखाना हसला. मू पॉचे कान तापले, पण तिनं नजर हलवली नाही.

"हात धुतलेस?"

"धुतले."

"मग दे," ती म्हणाली, आणि तिनं दोन्ही हात पुढे केले.