फाटकावरचा पहारा

खोटं सांगून मला काय मिळणार? म्हातारी झाले, आता मलाही तिकडेच जायचंय.

हे माझ्या डोळ्यांदेखत घडलं. १८६७ सालचा डिसेंबर. गाव आमचं किलबारा, आयर्लंडात, कॉर्कच्या पश्चिमेला.

आमच्याकडे मानतात, कबरस्तानात जो शेवटी पुरला जातो, त्याने फाटकावर पहारा द्यायचा. पुढचं माणूस येईपर्यंत. मगच सुटका.

त्या वर्षी शेवटी गेली ती माझी धाकटी बहीण, आबी. सहा वर्षांची. डांग्या खोकल्याने गेली.

नंतर गावात कुणी मरेचना...

"एवढ्या थंडीत लेकरू उभं आहे गं माझं," म्हणत आई भरल्या ताटावरून उठायची. कुणाच्या तरी मरणाची वाट बघायची आणि स्वतःच्याच तोंडात मारून घ्यायची.

त्यातच इंग्लंडात, मँचेस्टरला, इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या आपल्या तिघांना फाशी झाली. सरकार प्रेतं देईना. मग लोकांनी गावोगाव रिकाम्या शवपेट्या खांद्यावर घेऊन अंत्ययात्रा काढल्या. आमच्याकडेही रविवारी दुपारी निघाली. हिरव्या फिती लावून सगळं गाव रस्त्यावर.

पुढच्या खांदेकऱ्याला, कॉर्नीला, आईने गाठलं. "ही पेटी पुरा रे. माझी आबी सुटेल."

"मावशी, आत वाऱ्याशिवाय काही नाही."

"तिघांच्या नावाची आहे ना? मग पुरा."

कॉर्नीने मागच्या खांदेकऱ्यांना खूण केली. अंत्ययात्रा कबरस्तानाकडे वळली.

फाटकात पोलीस उभे होते. पुढे मॅकनेलिस, दूर डोनेगलचा पोरगेला शिपाई. इंग्रजांची चाकरी करतो म्हणून गावात त्याच्याशी कुणी बोलत नसे.

"पुरायची परवानगी नाही. मागे फिरा."

"राणीचा कुत्रा!" कुणीतरी ओरडलं. "मेलेल्यांनाही अडवतोस?"

"मेलंय कोण त्यात?" तोही चिडला. "रिकाम्या खोक्याला कसली माती देताय?"

आणि तेवढ्यात...

फाटकाच्या आतून खोकला ऐकू आला.

दोन उबळी. मग एक बारीक हुंदका.

आबीचाच.

सगळ्यांच्या माना आत वळल्या. आत कुणीच नव्हतं. नुसतं ओलं गवत आणि क्रूस.

आई गज धरून खाली बसली. "आले गं बाळा..."

मॅकनेलिस पांढराफटक पडला. "कोण आहे ती?"

"माझी लेक. पहाऱ्यावर आहे. तिला सोडवायला कुणी नाही."

त्याने अंगातला जाड कोट काढला आणि वाकून आतल्या बाजूने गजांना अडकवला. लहान पोराच्या खांद्याइतक्या उंचीवर.

पेटी मात्र त्याने आत जाऊ दिली नाही.

सकाळी कोट तिथे नव्हता. नेला असेल कुणी. पण त्याच आठवड्यात मॅकनेलिस तापाने पडला आणि नाताळाआधी गेला.

आमच्याच कबरस्तानात पुरलं त्याला. पोलिसाच्या मातीला गावातून आई आणि मी, दोघीच. लोक आमच्याकडे बघून थुंकले. माती पडली तशी आई पुटपुटली, "आता तू उभा राहा रे बाबा. माझ्या लेकीला जाऊ दे."

त्या संध्याकाळी आम्ही फाटकाशी थांबलो. खोकला नाही... हुंदका नाही...

मला वाटलं, आईला आता बरं वाटेल. घरी येऊन ती ढसाढसा रडली. "निदान ऐकू तरी येत होती गं."

नंतर गावात कितीतरी माणसं गेली. मॅकनेलिसची सुटका केव्हाच व्हायला हवी होती.

पण गेल्या महिन्यात शेजारणीचं लहानगं गेलं. पहारा आता त्याचा. माती झाल्यावर मी एकटीच फाटकाशी थांबले. कान देऊन ऐकलं. पोराचं रडणं नाही...

फक्त जड बुटांची चाल. इकडून तिकडे... तिकडून इकडे...

आता माझी वेळ जवळ आली आहे. तो फाटकात भेटला तर काय बोलू, हेच मला सुचत नाही. जिवंत होता तेव्हा मी त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.