डेक्लनचे ड्रम काढले त्या दुपारी

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यात माझ्या पदरचं एक अक्षर नाही. मी तिथे होतो.

आमचं गाव लॉन्सेस्टन. जुलैचा शनिवार. दुपारचे तीन... रात्रबित्र काही नव्हती.

टेस आमच्या बँडची गायिका. मी बास गिटार वाजवायचो. ड्रमवर डेक्लन होता. मे महिन्यात तो टेमर नदीत बुडाला. त्याच सकाळी टेसशी कडाडून भांडला होता.

"माझ्याशिवाय तुझं गाणं कुत्रं ऐकणार नाही," एवढं बोलून गेला, तो गेलाच.

अल्बम म्हणजे टेसचा जीव की प्राण. चार वर्षं एकाही कंपनीनं दारात उभं केलं नव्हतं, म्हणून आम्ही तो स्वतःच काढत होतो. मिक्सिंगसाठी, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, तिनं ब्रॉन्विनला तिच्या स्टुडिओत गाठलं. बाई कामाला वाघ, तोंडानं फटकळ.

"डेक्लनचे ड्रम काढून टाक," टेस म्हणाली. "मशीनचे घाल."

ब्रॉन्विननं चष्म्यावरून पाहिलं. "त्याच्या आईला शब्द दिलायस ना, ड्रम त्याचेच राहतील म्हणून?"

"आईला काय कळतंय त्यातलं! मेल्यावरसुद्धा मी त्याचंच ऐकायचं का?"

"तू जाणे, बाई."

डेक्लननं आधी रेकॉर्ड केलेले सगळे ट्रॅक बंद झाले. ब्रॉन्विननं गाणं लावलं.

टक... टक... टक...

काठीवर काठी. डेक्लन प्रत्येक गाणं असंच सुरू करायचा.

"हे कुठून आलं?" टेस गरजली.

"मी टाकलेलं नाही." ब्रॉन्विनचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

मग गाण्यातला टेसचा आवाज कमी कमी होत गेला. ब्रॉन्विननं मिक्सरवरची, टेसचा आवाज कमीजास्त करायची पट्टी वर सरकवली. हात काढला...

पट्टी खाली आली.

सावकाश. कुणीतरी बोटानं ओढावी तशी.

"मोटर आहे का गं याला?" मी विचारलं.

"चाळीस वर्षांचं धूड आहे हे. मोटर कुठली डोंबलाची!"

टेस ताडकन उठली. "मेलास ना रे मेल्या! आता तरी सोड!"

तिनं दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली. नखं पांढरी पडली. तरी पट्टी सरकत राहिली... तळाला टेकली...

आणि बंद केलेले ड्रम धडाधड वाजायला लागले.

ब्रॉन्विननं प्लगच उपटला.

सगळं चिडीचूप.

तेवढ्यात टेसचा फोन वाजला. डेक्लनची आई, नोरीन. टेसनं तो स्पीकरवर टाकला.

"गाणं मिळालं गं पोरी. काय वाजवलंय माझ्या लेकानं!" नोरीन रडत होती. "पण टेस... तू का नाही गायलीस?"

आम्ही तिला काहीच पाठवलं नव्हतं.

टेसनं तोंड उघडलं. मी तिच्यापासून हातभर अंतरावर होतो. ओठ हलत होते. मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. ती किंचाळत होती.

"हॅलो? अगं, बोल ना... हॅलो?"

मलाही काही ऐकू आलं नाही.

दोन वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात, घसा ठणठणीत आहे. टेस कागदावर लिहून बोलते.

अल्बम आम्ही काढलाच नाही. तरी अधूनमधून एखादा अनोळखी माणूस मला अडवतो आणि म्हणतो, "तुमच्या गाण्यातले ड्रम काय झकास आहेत हो!"

ते त्यानं कुठे ऐकले, हे विचारायची माझी अजून छाती होत नाही.